शेंद्र्याची गाडी पुन्हा शेंद्र्यासमोरून

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला रोज नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या माणसाने स्कोडाची वीस वर्षे जुनी ऑक्टाव्हिया आरएस ही वेगवान मोटार घ्यावी, हे घरात कुणालाच पटले नव्हते. ‘रोजच्या वापराला म्हातारा घोडा घेतलास,’ असे वडील म्हणाले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही आज ती घेऊन पहिल्यांदा कामावर गेलो. वाटेतल्या शेंद्र्याच्या ज्या स्कोडा कारखान्यात 2001 पासून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली, त्याच्याच परिसरातून जाताना उगाच वेग कमी केला. माहेर आले, म्हणून असेल.

जादा हवा दाबून भरणारे 1.8 लिटरचे टर्बो इंजिन, 150 अश्वशक्ती आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, हे सारे खरे; परंतु आधीच्या मालकाकडे टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवून ठेवणारा पट्टा, बदलल्याची पावती नव्हती. तो तुटला तर पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होते, म्हणून गाडी घेताच बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलून घेतले. मिस्त्रींनी काढलेला बेल्ट उलटा वाकवून दाखवला, तेव्हा उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारख्या बारीक भेगा त्यावर दिसल्या. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीची मुदत मात्र कागदपत्रांत आधीच तपासली होती.

येताना गावाजवळच्या एका गतिरोधकावर गाडीचे पोट घासले आणि तो आवाज थेट माझ्या पोटात गेला. घरी पोचल्यावर टर्बो निवावा म्हणून मिनिटभर इंजिन चालूच ठेवले. वडील ओसरीवरून ऐकत होते. ‘बंद कर आता,’ म्हणाले; नंतर स्वतःच बॉनेट उघडायला सांगितले.