परदेशवारीतली कोणती कामं स्वतःच करावीत

नाशिकमधून पहिल्यांदा परदेशी निघालेल्या पुष्कळांचा प्रवास टूर एजंटच्या टेबलापाशी सुरू होतो आणि बसमधल्या ठरलेल्या खिडकीपाशी संपतो. सत्तरीतल्या आईवडिलांसाठी हे ठीकच आहे. पण चालताफिरता, शिकलेला माणूस आठ दिवस परक्या देशात राहून एकदाही स्वतः तिकीट काढत नाही, जेवण मागत नाही, रस्ता विचारत नाही, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. माणूस वाढतो तो याच फुटकळ कामांत.

सुरुवात घरातच करा. व्हिएतनामचा ई-व्हिसा स्वतः भरता येतो. एकदाच प्रवेशाच्या व्हिसाची फी २५ डॉलर असते. घोळ होतो तो नावात. आपल्याकडे काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. फॉर्म भरताना फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी पाहा आणि नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहा, विमानाच्या तिकिटावरही तेच. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे येणाऱ्या प्रवाशाच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म, लागतं. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली, तर ती सरकारी नाही हे ओळखून मागे फिरा.

तारखेची चूक तर हमखास होते. १५ तारखेला रात्री १२.४० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री विमानतळावर हजर राहायचं. तीन तास आधी पोहोचायचं, वर कसारा घाट आणि भिवंडीची कोंडी धरायची, म्हणजे नाशिकहून १४ ला दुपारी चारला निघालेलं बरं. पावसाळ्यात त्याहूनही लवकर.

पैशांचं थोडक्यात सांगतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर सुरू करून घ्या. दोन कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा. दुकानातलं मशीन ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारेल तेव्हा स्थानिक चलन निवडा, कारण रुपयांतला दर सहसा महाग पडतो. कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क, असेल, तर दहा हजारांच्या खर्चावर ३५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३ रुपये जातात. हा हिशेब आधीच माहीत असला की प्रत्येक खरेदीला जीव खालीवर होत नाही.

खरी शाळा भरते ती जेवणाच्या टेबलावर. ‘आय ॲम व्हेजिटेरियन’ एवढं म्हटलं की आपलं काम झालं असं आपण धरून चालतो. जपानमध्ये मिसो सूप किंवा नूडल्सचा रस्सा बहुतेकदा ‘दाशी’वर बनतो. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचं किंवा समुद्री शेवाळाचं पाणी. वाढणाऱ्याला त्यात मांस दिसत नाही, त्यामुळे तो प्रामाणिकपणे ‘हो, चालेल’ म्हणतो. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये हीच गत फिश सॉसची. म्हणजे ‘शाकाहारी’ हा शब्द पुरत नाही, काय काय चालत नाही त्याची यादी सांगावी लागते: मांस नको, मासा नको, माशाचं पाणी नको, अंडं चालेल की नाही. ही यादी तिथल्या लिपीत कागदावर लिहून घ्या आणि दाखवा.

थायलंडमध्ये ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या झेंड्यावर त्याचं लाल अक्षर दिसलं की तिथे मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीच नसतं, शिवाय लसूण आणि कांदाही नसतो. आपल्याकडच्या चातुर्मासाची आठवण यावी असंच ते ताट. व्हिएतनामला ‘चाय’ म्हणजे शाकाहार. तिथे अनेक बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय जेवतात, म्हणजे साधारण आपली अमावास्या-पौर्णिमाच. हे कळल्यावर समोरचा माणूस परका राहत नाही. आणि आपल्याला काय हवं ते न चिडता, तपशिलात सांगायची सवय लागते. ती पुढे ऑफिसात आणि घरातही उपयोगी पडते.

यासाठी कार्यक्रम मात्र ढिला हवा. सात दिवसांत चार शहरं ठेवली, तर निम्मा वेळ बॅग भरण्यात जातो. एका गावी किमान तीन रात्री राहा. त्यातला एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा आणि त्या दिवशी भाजीबाजारात जा, लोकल बस पकडा. मुक्कामाच्या जागेचं नाव तिथल्या लिपीत लिहिलेला कागद खिशात असू द्या. फोनची बॅटरी संपली तरी तो कागद रिक्षावाल्याला दाखवता येतो.

चुका होतील, त्याही लोकांसमोर. टोकियोत सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायची रीत, तर ओसाकात उजवीकडे. इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. ते राहिलं, तर तिकीट जवळ असूनही दंड होतो. अशा वेळी ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य गिळा. माफी मागा, दंड भरा, पावती घ्या आणि पुढच्या माणसाचे हात पाहून शिका.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थाची स्नानं आहेत. मराठीची पाटी वाचता न येणारे लाखो लोक रामकुंडाचा रस्ता विचारतील. परगावी लिपी न कळता चौकात उभा राहिलेला माणूस त्यांना ‘पुढे जाऊन डावीकडे’ असं ओरडून सांगणार नाही. तो कागद मागेल, बाणाची खूण काढून देईल आणि वळणापर्यंत चार पावलं सोबत जाईल.