दया भाकरी-पाणी घेऊन पुढे येते

संकटातल्या माणसाला बायबलमधल्या स्तोत्र ५९ मधलं दहावं वचन हमखास पाठवलं जातं: माझा देव दयेने मला सामोरा येईल. एकटंच पाठवलं की त्याचा अर्थ ‘काही होणार नाही, निश्चिंत राहा’ असा होऊन बसतो. स्तोत्राचं शीर्षक मात्र सांगतं की तेव्हा राजा शौलाची माणसं स्तोत्रकर्त्या दावीदाला मारायला त्याच्या घरावर पाळत ठेवून होती.

‘सामोरं येणं’ या अर्थाचा मूळ हिब्रू धातू आहे क-द-म. (पावलाला आपण म्हणतो तो ‘कदम’ अरबीतून आला, तो याच धातूचा सोयरा.) बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, २३:४ मध्ये, अम्मोनी आणि मवाबी लोकांवर ठपका आहे तो याच शब्दात: इस्राएल लोक मिसरातून येत असताना हे भाकरी-पाणी घेऊन सामोरे गेले नाहीत. पाहुणा वेशीवर पोचायच्या आत तांब्या घेऊन पुढे व्हायचं, तसं हे सामोरं येणं. पण स्तोत्र १८:५ मध्ये मृत्यूच्या पाशांनाही हेच क्रियापद लावलंय. संकटही सामोरंच येतं.

त्या रात्री दया कुठून आली, ते १ शमुवेल १९ मध्ये वाचा. दावीदाची बायको मीखल, म्हणजे शौलाचीच मुलगी, आधीपासून घरात होती. तिने त्याला खिडकीतून खाली सोडलं, पलंगावर गृहदेवतेची मूर्ती निजवली, उशाशी बकऱ्याचे केस ठेवले, वर पांघरूण घातलं. दया होती, तरी खिडकीतून उतरावं लागलंच.

हे स्तोत्र प्रार्थनेत दोन भागांत घ्यावं. रात्री वचनं १ ते १०, मोठ्याने. सहाव्या वचनात गुरगुरत नगराभोवती फिरणारी कुत्री आहेत. तिथे थांबून आपल्या भीतीचं नाव घ्यावं. थकलेला हप्ता, उद्याचा रिपोर्ट, कोर्टाची तारीख, जे असेल ते. पुष्कळजण ‘हा अविश्वास’ म्हणून एवढंच गाळतात, आणि मग दयेने यायचं ते नेमकं कशात, हेच उरत नाही.

सकाळी उरलेलं वाचावं. चौदाव्यात कुत्री परत येतात, दचकू नये. नवव्या वचनातलं ‘एश्मोरा’, मी तुझी वाट पाहीन, हे शीर्षकातल्या पाळत ठेवण्याच्याच धातूचं आहे: बाहेर शौलाची माणसंही जागी, आत दावीदही जागा. सतराव्यात जवळजवळ तीच ओळ येते, फक्त ‘एश्मोरा’च्या जागी ‘अझम्मेरा’: मी गाईन.