केस गळत नाहीत, मग ते जातात कुठे?

गेलं वर्षभर लेकीनं कुत्र्यासाठी आमचं डोकं खाल्लंय. वय वर्षं नऊ. आधी नवऱ्याचा नकार होता, मग माझा, मग दोघांचा मिळून, आणि शेवटी नेहमीसारखे आम्हीच पघळलो. घोडं अडलं ते ॲलर्जीपाशी. माझ्या भावाकडे लॅब्रॅडॉर आहे, अगदी गुणी, पण त्याच्याकडे दोन दिवस राहून आलो की पोरीला शिंकांवर शिंका, डोळे लालबुंद, आणि आमच्या कपड्यांवर पिवळे केस ते वेगळेच, धुतले तरी जात नाहीत. मग आम्ही सोप्पा हिशोब मांडला, शिंका येतात केसांमुळे, म्हणजे केस न गळणारा कुत्रा आणला की प्रश्न मिटला. नेटवर शोधलं तर याद्याच याद्या. पूडल, माल्टीज, शिह त्झू, बिशाँ फ्रीझ, श्नॉझर, प्रत्येकापुढे 'हायपोॲलर्जेनिक', म्हणजे ॲलर्जी कमी करणारा, असं लिहिलेलं. मी तर नावंसुद्धा काढायला घेतली होती.

पोरीच्या डॉक्टरांकडे सहज विषय काढला आणि त्यांनी हा हिशोब दोन मिनिटांत मोडून टाकला. ॲलर्जी केसांची नसतेच मुळी. ती असते कुत्र्याच्या लाळेत, त्याच्या कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत असलेल्या प्रोटीन्सची. त्यातलं मुख्य आहे त्याला 'कॅन एफ १' म्हणतात. कुत्रा स्वतःला चाटतो, लाळ वाळते, कोंडा सुटतो, त्याचे इतके बारीक कण होतात की ते हवेत तरंगत राहतात, सोफ्यावर बसतात, पडद्यावर बसतात. केस हे फक्त वाहन. आणि कोंडा तर प्रत्येक कुत्र्याला असतो, ज्याला केसच नाहीत अशा जातीलासुद्धा कातडी असतेच की!

मला हे पटायला वेळ लागला, खरं सांगते, कारण याद्या इतक्या ठामपणे लिहिलेल्या असतात. मग वाचत बसले. २०११ साली अमेरिकेत घराघरातली धूळ गोळा करून तपासली होती, तर हायपोॲलर्जेनिक म्हणवणाऱ्या जातींच्या घरात आणि बाकी कुत्र्यांच्या घरात या प्रोटीनच्या प्रमाणात फरक मिळाला नाही. २०१२ साली नेदरलँड्समधे कुत्र्यांचे केसच तपासले, तिथे तर या 'सेफ' जातींच्या केसांवर ते जास्त सापडलं. म्हणजे बघा! याचा अर्थ सगळे कुत्रे सारखे असा मात्र नाही, फरक भरपूर असतो, पण तो कुत्र्या-कुत्र्यात असतो, एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांतसुद्धा. आणि आपल्या पोराच्या नाकाला कोण चालेल हे यादी सांगू शकत नाही.

(अजून एक मजेशीर गोष्ट कळली. 'कॅन एफ ५' नावाचं एक प्रोटीन फक्त नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काहींना फक्त त्याचीच ॲलर्जी असते, त्यांना मादी चालू शकते. रक्ताच्या टेस्टमधे हे वेगळं कळतं. आमच्या नशिबात ते नव्हतं, पण ज्यांना करून घेता येईल त्यांनी विचारा डॉक्टरांना.)

यावरून ती लॅब्रॅडूडलची गोष्ट आठवली. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात गाइड डॉग तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ होते, त्यांच्याकडे हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंची मागणी आली, कुत्रा हवा पण नवऱ्याला ॲलर्जी आहे. त्यांनी आधी पूडलच ट्रेन करून बघितले, जमेना, मग लॅब्रॅडॉर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ त्या नवऱ्याकडे पाठवली आणि तिघांतलं एकच त्याला चाललं. एकाच वेताची तीन पिल्लं, त्यातलं एक! ही गोष्ट सगळे सांगतात ती 'लॅब्रॅडूडलची ॲलर्जी होत नाही' हे सांगायला, आणि गोष्टीतच नेमकं उलटं लिहिलेलं आहे. पुढे कॉनरननी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की हा प्रकार सुरू केल्याचा पश्चात्ताप होतो, कारण नंतर कुणीही उठून कशाचाही पूडलशी संकर करून पिल्लं विकायला लागलं. म्हणून पहिल्या पिढीचं डूडल, म्हणजे पूडलशी संकर केलेलं पिल्लू हातात ठेवून कुणी 'याचे केस अजिबात गळणार नाहीत' अशी गॅरंटी दिली तर सरळ उठून घरी या. एक खूण मात्र उपयोगी आहे, तोंडावर दाढीमिशा आणि झुपकेदार भुवया असलेले कुत्रे साधारण कमी गळतात, कारण त्या दाढीमिशांच्या जीनचा केस गळण्याशी संबंध आहे.

आता केसांकडे येते, कारण ॲलर्जी बाजूला ठेवली तरी घरभर केस नकोच होते आम्हाला. माझी एक मैत्रीण पूडल पाळते. तिच्याकडे गेलो, फरशी स्वच्छ, सोफा स्वच्छ, मी खूश. तिनं कुत्र्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, ये, कानामागे हात घाल. वरून कापसासारखं मऊ, आणि आत बोटं गेली तर कातडीला लागून एक घट्ट गोळा, नमद्यासारखा दाबलेला, सुपारीएवढा. म्हणाली, कालच विंचरलंय हं मी. झालं असं होतं की तिनं वरून ब्रश फिरवला होता, आत फणी घातली नव्हती. पूडलचे केस बराच काळ वाढतच राहतात आणि जे सुटतात ते खाली पडायच्या ऐवजी शेजारच्या कुरळ्यांत अडकतात. म्हणजे लॅबचे केस तुमच्या फरशीवर, पूडलचे पूडलच्याच अंगावर. काढायचे तुम्हालाच आहेत, झाडूनं की फणीनं एवढाच प्रश्न. नाही काढले तर जटा होतात, त्या कातडी ओढतात, खाली ओल राहते, चिघळतं, आणि शेवटी ग्रूमर अख्खा कुत्रा भादरून देतो. पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात त्या काळात, साधारण वर्षाच्या आतबाहेर, तर रोज गुंता. वर दर चार ते सहा आठवड्यांनी कटिंग. नवरा म्हणाला, माझी कटिंग तीन महिन्यांनी होते.

त्या दिवसापासून आमचा प्रश्नच बदलला, कुठली जात कमी गळते हे नाही, तर रोज फणी कोण धरणार आणि कुत्रा ती धरू देईल का.

मग यादीवर काट मारायला घेतली. माल्टीज, यॉर्की, टॉय पूडल हे इतके चिमुकले असतात, तीन किलोच्या आसपास, की पोरीच्या मैत्रिणींपैकी एकीनं जरी उचलून हातातून सोडलं तर पाय मोडायचा, गेले. शिह त्झू स्वभावानं गोड पण चपटं नाक, उकाड्यात धाप, मोठ्या डोळ्यांना सारखं काहीतरी लागतं. बसेंजी, आखूड केसांचा, कमी गळणारा, भुंकत नाही म्हणे पण गाण्यासारखा विचित्र आवाज काढतो आणि कुणाचं ऐकत नाही, तसं एक माणूस आमच्या घरात आधीच आहे. पोर्तुगीज वॉटर डॉग, ओबामांनी २००९ साली व्हाइट हाउसमधे आणला तो, मोठ्या लेकीला ॲलर्जी होती म्हणूनच, छान आहे पण त्याला दिवसभर दमवायला माणूस लागतो. आमच्याकडे अख्खं व्हाइट हाउस नाही. उरले मिनिएचर श्नॉझर आणि मिनिएचर पूडल.

इथून पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं निघालं. पिल्लू बघायला न जाता आम्ही मोठ्या कुत्र्यांना भेटायला गेलो, डॉक्टरांना विचारून, त्यांनी दिलेलं औषध जवळ ठेवून. पहिल्यांदा अर्धा तास, मग तास, मग अख्खी दुपार. श्नॉझरचा पोरीला फार लळा लागला, पण त्यानं मनगट चाटलं आणि दहा मिनिटांत तिथे गांधी उठल्या, ओळीनं, जीभ जशी फिरली तशा. गाडीत रडली खूप. मी काही बोलले नाही, काय बोलणार. पुढे एका ओळखीच्या कुटुंबाला बदलीमुळे त्यांची तीन वर्षांची पूडल मादी कुणाकडे तरी द्यायची होती, तिच्याकडे पाच वेळा गेलो. शिंका आल्या, नाही असं नाही, पण मोजून दोन-तीन, आणि चाटलं तिथे काही नाही. तीन वर्षांची असल्यामुळे तिच्या केसांचं काय होणार, ती पोरांशी कशी वागते, फणी सहन करते का, सगळं समोर दिसत होतं. पिल्लाच्या बाबतीत यातलं काहीच कळत नाही.

ती येऊन आता दोन महिने झाले. पोरीच्या खोलीत आणि गादीवर बंदी, हा नियम आजीनं सगळ्यात आधी मोडला आणि मग पोरीला रात्री शिंका आल्यावर स्वतःच कडक झाली. आठवड्यातून दोनदा आंघोळ घालतो, त्यानं अंगावरचं ते प्रोटीन कमी होतं पण दोन-चार दिवसांत परत येतं, आणि आंघोळीआधी विंचरायचं, नंतर नाही, गुंता भिजला की अजून आवळतो, हे आम्ही चुकून शिकलो. खोलीत हवेतले बारीक कण गाळणारा हेपा फिल्टर लावलाय. कुत्रीला हात लावला की हात धुवायचे, डोळे चोळायचे नाहीत, यावर दिवसाला निदान आठ वेळा ओरडते मी.

संध्याकाळची फणी पोरीकडे आहे. तिची पद्धत ठरलेली, एका हातानं केस उलटे धरायचे, कातडी दिसेपर्यंत भांग पाडायचा, मग टोकाकडून फणी, मुळाकडून नाही. कान, शेपटी, पाय एकदम चकाचक करते. बगला मात्र राहिल्या. मागच्या आठवड्यात ग्रूमरनं पुढचा पाय उचलून दाखवलं तर आत दोन्हीकडे जटा, सोडवण्यासारख्या नव्हत्याच, सरळ मशीन फिरवलं. आता दोन्ही बगलांत गुलाबी टक्कल आहे आणि कुत्रीला त्याचं काही नाही, ती पाय वर करून सगळ्यांना दाखवत पडलेली असते. पोरगी पाच मिनिटं गप्प होती, मग मला हळूच म्हणाली, आई, म्हणजे आता केस येईपर्यंत इथे सुट्टी ना?