घरगुती भाषा, नोंद ६: ‘जर’ची लांबी किती?

सीमध्ये बसून स्वतःची छोटी प्रोग्रामिंग भाषा आणि ती चालवणारा प्रोग्राम, म्हणजे इंटरप्रिटर, लिहितोय; त्याच्या या नोंदी. मागच्या नोंदीत पार्सर (कोडची वाक्यरचना ओळखणारा भाग) चालला म्हणून खुशीत होतो. या आठवड्यात इंग्रजी कीवर्ड काढून ‘जर’, ‘नाहीतर’, ‘छाप’ घातले आणि लेक्सर, म्हणजे कोडचे शब्द सुटे करणारा भाग, आडवा पडला.

सीला अक्षर कळत नाही, बाइट कळतो. ‘जर’ची लांबी विचारली तर स्ट्रलेन हे सीचं लांबी मोजणारं फंक्शन ६ सांगतं, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट खातं. शिवाय माझ्या मशीनवर कॅर, म्हणजे सीचा एका बाइटचा टाइप, साइन्ड आहे, उणे आकडेही धरतो. म्हणजे पहिला बाइट २२४ असला तरी हातात येतो उणे ३२, आणि तो तसाच इझअल्फाला (हे अक्षर आहे का, ते सांगणाऱ्या फंक्शनला) दिला की अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची सी हमी देत नाही. शेवटी १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट नावाचाच भाग धरला. त्यामुळे ‘।’ हा दंडसुद्धा आता व्हेरिएबलच्या नावात चालतो. चालू दे.

पायथन मात्र ‘जर’ची लांबी गुमान २ सांगतो. कसं, म्हणून सीपायथनचा, म्हणजे सीमध्ये लिहिलेल्या मूळ पायथनचा, सोर्स उघडला, तर युनिकोडऑब्जेक्ट डॉट सी नावाची दहा हजारांहून जास्त ओळींची फाइल! पायथनवाल्यांना आयती मिळणारी ही सोय कुणीतरी सीमध्येच बसून उपसलेली आहे. रुबीचा मूळ इंटरप्रिटर सीमध्ये, ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली लुआ ही भाषाही सीमध्ये. पण वाचायला सुरुवात करायची असेल तर लुआ घ्या, आटोपशीर आहे.

दुसरी रड मेमरीची. सीपायथनसारखाच प्रत्येक व्हॅल्यूच्या डोक्यावर रेफरन्स काउंट, म्हणजे ती किती ठिकाणी वापरात आहे याचा आकडा, ठेवलाय. ‘क्ष = क्ष’ लिहिलं आणि प्रोग्राम कोसळला. मी आधी जुन्या व्हॅल्यूचा काउंट कमी करत होतो; तो शून्य झाला, मेमरी फ्री झाली, आणि मग त्याच मेलेल्या व्हॅल्यूचा काउंट वाढवायला गेलो. दोन ओळींची अदलाबदल केली, सुटलं. शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन लावून कंपाइल केल्यावर त्यानं नेमकी ओळ दाखवली, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

पुढचं काम लिस्ट. स्वतःलाच पोटात घेतलेल्या लिस्टचा काउंट कधीच शून्य होणार नाही. त्यासाठी सीपायथनमध्ये अशी अडकलेली मेमरी मोकळी करणारा वेगळा गार्बेज कलेक्टर आहे. माझ्याकडे तूर्त मेमरी गळेल.