दोरीच्या मुठीतले दोन सेल

दोरीच्या उड्या मारताना तोंडाने आकडे मोजायला लागलं की माझी श्वासाची लय बिघडते. म्हणून मी आकडा दाखवणारी दोरी वापरते. फोन नको, ॲप नको. मुठीवर एवढीशी काच आणि तिच्यात आकडा. मला ही वस्तू मनापासून आवडते, त्यामुळे तिचे सेलही मी नीट, वेळ काढून बदलते.

आकडे पुसट व्हायला लागले, मूठ तिरकी धरल्याशिवाय वाचता येईनात, की सेल उतरले समजायचं. माझ्या दोरीत एलआर४४ नावाचे, बटणासारखे दोन छोटे सेल लागतात. काही पाकिटांवर याच सेलचं नाव एजी१३ किंवा ए७६ असतं. रुंदी ११.६ मिलिमीटर, जाडी ५.४. याच मापात एसआर४४ही मिळतो, आणि मी तोच घेते. एलआर अल्कलाइन असतो, त्याचं व्होल्टेज वापराबरोबर हळूहळू उतरत जातं. एसआरमध्ये सिल्व्हर ऑक्साइड असतं. तो जवळजवळ शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. थोडा महाग पडतो, पण आकडे ठसठशीत राहतात.

मुठीच्या टोकाला झाकण आणि त्यावर एक बारीक स्क्रू. त्याच्या खाचेत नेमकं बसेल असंच टोक घ्या. सैल टोकाने फिरवलात तर खाच झिजते आणि मग तो स्क्रू काही केल्या निघत नाही. खाली टॉवेल अंथरला की स्क्रू उडून हरवत नाही. जुने सेल काढण्याआधी कुठली बाजू वर होती त्याचा फोटो काढून ठेवा. सपाट, रुंद बाजू अधिक. लहान टोपीसारखी बाजू उणे.

दोन्ही सेल एकदमच बदलायचे. ते एकामागे एक जोडलेले असतात. एक नवा, एक जुना ठेवला तर नव्याच्या जोरावर जुना पार रिकामा होतो आणि गळतो. सेल टेकतात त्या पत्र्यावर पांढरट-हिरवट भुकटी दिसली तर समजा गळती झालेली आहे. कापसाच्या काडीला व्हिनेगरचा थेंब लावून ती पुसा, मग स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. काढलेला सेल टेबलावर ठेवून उठू नका. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या ऊतीतून वीज वाहून तिथे तीव्र अल्कली तयार होते, आणि दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. उतरलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज उरलेली असू शकते. नाण्याएवढे लिथियमचे सेल तर सर्वांत घातक. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. झाकणाचा स्क्रू परत घट्ट बसवा. ‘नुसतं झाकणही बसतंय की’ म्हणून तो बाजूला ठेवू नका. मुलांच्या हाती सेल लागू नये म्हणूनच तो दिलेला असतो.

सेल बदलल्यावर दोरीत आपलं वजन आणि वेळ पुन्हा भरावे लागतात, तेवढं मिनिटभराचं काम. आणि आकडे ठळक दिसूनही मोजणी शून्यावरच अडली, तर दोष सेलचा नाही. माझ्या दोरीत फिरत्या भागात छोटं चुंबक आहे. ते दर फेरीला आतल्या स्विचसमोरून जातं आणि एक आकडा वाढतो. ते चुंबक जागेवरून सरकलंय का, ते आधी बघा.