नंदुरबार ते किसुमू : मंडळीच्या वैद्यकीय पथकासोबत

आमच्या चर्चच्या मंडळीने केनियाला वैद्यकीय पथक पाठवायचे ठरवले, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी आजारांची काही कमतरता आहे का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त होता. माझ्यापुरते त्याचे उत्तर एकाच आजारात होते. मी एका मिशन रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर या भागांतून येणाऱ्या भिल्ल, पावरा आणि मावची कुटुंबांतील सिकलसेलचे, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, नमुने तपासण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला आहे, आणि ज्या किसुमू परिसरातून आम्हाला बोलावणे आले होते, तिथल्या लुओ समाजातही हाच आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. दोन्हीकडचे मूळ कारणही एकच आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आला, तर तो गंभीर मलेरियापासून बऱ्याच अंशी संरक्षण देतो, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. दोघांकडून आला, तर मात्र मूल जन्मभर वेदना सोसते.

जाण्याच्या तयारीतला बराच वेळ प्रार्थनेत गेला, असे म्हणायला मला आवडले असते. प्रत्यक्षात तो कागदपत्रांत गेला. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावरच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचे पिवळे कार्ड परतीच्या वेळी भारतात दाखवावे लागते. पथकातील डॉक्टरांना तिथल्या वैद्यक परिषदेचा तात्पुरता परवाना काढावा लागला, आणि ते योग्यच होते. सेवाभावाने आलेला डॉक्टर झाला तरी रुग्णाच्या दृष्टीने तो अनोळखी माणूसच असतो.

औषधांवरून मात्र आमच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. मंडळीतील लोकांनी प्रेमाने गोळ्यांची खोकी जमवली होती आणि ती नेऊ नयेत असे सांगणे पाळकसाहेबांनाही जड जात होते. दान केलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यानंतर किमान वर्षभर शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आमच्या खोक्यांतील निम्मा माल त्या अटीत बसत नव्हता. शिवाय केनियातील ख्रिस्ती रुग्णालयांना औषधे पुरवणारी ‘मेड्स’ ही संस्था १९८६ पासून नैरोबीत काम करते. तिच्याकडून खरेदी केली तर तिथल्या डॉक्टरांना ओळखीचीच औषधे मिळतात आणि पुढच्या वेळी ती पुन्हा मागवताही येतात. शेवटी खोकी नंदुरबारलाच राहिली आणि पैसे तिकडे पाठवले.

सामान बांधताना आणखी एक अडचण निघाली. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि प्रवाशांनाही ती लागू आहे. त्यामुळे आमच्या सिस्टरबाईंनी पिशव्यांत भरलेले नंदुरबारच्या लाल मिरचीचे तिखट आणि शेंगदाण्याची चटणी निघण्याच्या आदल्या रात्री स्टीलच्या डब्यांत गेली, आणि गोळ्या देण्यासाठी कागदी पाकिटांचे गठ्ठे घेतले.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि जुलैत तिथे थंडी असते, हे वाचूनही आमच्यापैकी बहुतेक जण सुती कपड्यांतच उतरले. पुढचा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास रिफ्ट खोरे, नाकुरू आणि केरिचोचे चहाचे मळे ओलांडत उतारावर जातो, आणि व्हिक्टोरिया सरोवराजवळ येताच दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. आमच्याकडची कितीतरी कुटुंबे दर हंगामात दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. उन्हातल्या कष्टांनी अंगातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तवाहिन्या तुंबतात, आणि तो हाडे मोडल्यासारख्या वेदनांनी तळमळत दवाखान्यात येतो. तो ऊस पाहून गाडीत सर्वांत आधी हाच विषय निघाला.

किसुमूत पाकिटे कमी पडली, तेव्हा बाजारातल्या एका जुन्या दुकानात गेलो. गल्ल्यावरचे काका गुजराती निघाले. मोंबासा बंदराहून निघालेली रेल्वे १९०१ साली इथवर आली, ती मुख्यतः हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांच्या कष्टांनी, आणि तिच्या मागोमाग व्यापारीही आले. आमच्या पथकातील नवापूरचे बंधू त्यांच्याशी अस्खलित गुजरातीत बोलू लागले. ज्या गावाच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, तिथल्या माणसाला त्यात काय नवल! काकांनी पाकिटांचे पैसे घेतले, चहाचे घेतले नाहीत.

रुग्णालयात आम्हाला सर्वप्रथम भेटल्या त्या मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका. त्यांनी स्वागत केले, प्रार्थना केली आणि लगेच विचारले, की तुम्ही गेल्यानंतर तुमच्या रुग्णांना कोण पाहणार आहे? आमच्यापैकी काहींना ते थोडे रुक्ष वाटले, मला मात्र अजिबात नाही. मी नोकरीला नवी होते त्या काळात आमच्या रुग्णालयातही परदेशी पथके येत. त्यांच्यासाठी बाह्यरुग्ण विभागाची वेळ बदलायची, गाडी आणि स्वयंपाकघर त्यांच्याच दिमतीला लागायचे, आणि ती परतल्यावर कुणालाही वाचता न येणाऱ्या भाषेतल्या औषधांच्या बाटल्या कपाटात उरायच्या. ती माणसे मनाने चांगली होती, यात शंका नाही. चिंचपाड्यासारखी मिशनऱ्यांनी उभारलेली रुग्णालये आज भारतीय डॉक्टर चालवतात, ते मात्र वर्षानुवर्षे तिथेच राहिलेल्या लोकांमुळे, आठवड्यासाठी आलेल्यांमुळे नव्हे. मेट्रनबाईंचा प्रश्न अशाच अनुभवातून आला होता, असे मी समजते.

म्हणून पहिल्या दिवशी आम्ही एकही रुग्ण तपासला नाही. डॉक्टर वॉर्डमधून फिरले आणि मी प्रयोगशाळेत बसले. आमच्याकडे प्राथमिक तपासणीसाठी विद्राव्यता चाचणी करतात. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकून थोडा वेळ थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या की दोष आहे. पण ही चाचणी वाहक (आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला) आणि रुग्ण (दोघांकडून आलेला) यांतला फरक सांगत नाही, आणि सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असल्याने तिथे ती फसते. तिथल्या तरुण तंत्रज्ञाकडे बोटाच्या थेंबावर चालणारी पट्टी होती, जिच्यावरच्या रेषांवरून निरोगी, वाहक आणि रुग्ण हे तिन्ही वेगळे ओळखता येतात आणि नवजात बाळही तपासता येते. तो पट्टी लावायचा, घड्याळ पाहायचा आणि मोठ्या वहीत नाव, गाव, आईचा फोन नंबर स्वच्छ अक्षरात लिहायचा. त्या वहीत पाच वर्षांखालील मुलांची नावे पानेच्या पाने भरलेली होती. भारतीय रुग्णांत पेशींना वाकण्यापासून वाचवणारे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुढेही जास्त टिकते, म्हणून आपल्याकडे आजार तुलनेने सौम्य राहतो. तिथे तो लवकर आणि जोरात गाठतो.

वेदनेचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया स्वस्त आणि गुणकारी औषध आहे, पण ते घेणाऱ्याच्या रक्तपेशींची नियमित मोजणी करावी लागते. शिबिरात ते वाटून निघून जाणे म्हणजे मुलाला धोक्यात टाकणे होय. आमच्या पथकातील एका उत्साही डॉक्टरांना हे मान्य करायला दोन जेवणे लागली, आणि त्या दोन्ही जेवणांत उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीबरोबर, आमचे तिखट भरपूर संपले.

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात शिबिर झाले, पण त्याची आखणी मेट्रनबाईंनी केली. आमच्याकडे नोंदणी, पट्टीची तपासणी, मलेरियाची तपासणी आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या एवढेच काम होते. ज्या मुलात दोष आढळला, त्याच्या आईच्या हातात पाकिटासोबत रुग्णालयाच्या सिकलसेल क्लिनिकची तारीख लिहिलेली चिठ्ठी दिली जाई, आणि तीच तारीख तंत्रज्ञाच्या वहीतही चढे. पहिले क्लिनिक आमच्या परतीच्या विमानानंतर होते. त्या संध्याकाळी तंत्रज्ञाचा संदेश आला, की निम्म्याहून अधिक मुले आली आहेत आणि जी आली नाहीत, त्यांच्या घरी गावातल्या आरोग्य स्वयंसेविका जाणार आहेत. सोबत त्याने पट्ट्यांच्या किमतीचे कोटेशन पाठवले होते. ते पाळकसाहेबांनी मंडळीच्या पुढच्या बैठकीपुढे ठेवले आहे.