आंबिल ओढ्याच्या काठाने, जिथे काठ उरलाय तिथे

पुण्यात पेशव्यांच्या पाण्याचं कौतुक करणाऱ्यांना तोटा नाही. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधले, तिथून दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, वाटेत नळातली हवा सोडायला उसासे ठेवले. हे सगळं ऐकायला हेरिटेज वॉकला झुंबड उडते. ज्या आंबिल ओढ्यावर हा खटाटोप झाला, त्याच्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून पितृपंधरवड्यातल्या एका रविवारी कात्रजहून निघालो, दत्तवाडीपर्यंत. अंतर दहा-एक किलोमीटर.

काठाने म्हणायचं आपलं. ओढा दिसतो तो पुलांवरून. मधल्या भागात सोसायट्यांच्या मागच्या भिंती, राडारोडा, आणि नाकाला रुमाल. पद्मावतीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत शिरलो आणि पुढचा सगळा बेत बारगळला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याच्या पुरात इथे भिंत पडून माणसं गेली. तोही पितृपंधरवडाच होता. दारात लसूण सोलत बसलेल्या एका मावशींना मी ओढ्याकडे जायची वाट विचारली. "वाट कशाला, तोच येतो की इकडे," म्हणाल्या आणि आत बसवून चहा टाकला. प्लायवूडचं कपाट खालून फुगलेलं, दार अर्ध्यावर अडतं. छताच्या लोखंडी अँगलला एक जाड प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती. रेशनकार्ड, आधार, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. मृगाला वर चढते, दसऱ्याला खाली उतरते.

"दादा, इथल्या पावसाचं काही नाही. कात्रजला किती पडतोय ते बघायचं. भाचा राहतो तिकडे, तो फोन करतो."

पुण्याचा भूगोल इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता. कात्रजच्या डोंगराचा उतार सरळ या ओढ्यात उतरतो. उन्हाळ्यात त्यात सांडपाण्यापलीकडे काही नसतं आणि म्हणूनच आपण त्याला दोन्ही बाजूंनी दाबत गेलो. डोंगरावर दोन-तीन तास धो-धो कोसळला की त्या पाण्याने जायचं कुठे?

याला वळवायची हौस तशी जुनीच. पूर्वी तो पार कसब्याच्या अंगाने वाहायचा, शिवाजी महाराजांच्या लहानपणी पर्वतीजवळ बांध घालून त्याला वळवला, असं सांगतात. पुढे नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, त्यातल्या बेटावर १७८४ मध्ये गणपती बसला. तळं गेलं, बाग आली. आज सारसबागेत भेळ खाताना आपण तळ्याच्या पोटात बसलोय हे कितीजणांच्या ध्यानात येतं? (मी भेळ खाल्ली. गोड होती, नको तितकी.)

दांडेकर पुलावर थांबून खाली बघितलं. काळं, घोट्याएवढं पाणी. दत्तवाडीला तो मुठेत मिळतो, पण तिथे जायला धड वाट सापडेना. एका इमारतीमागून डोकावत होतो तर वॉचमनने हटकलं.

"काय पाहिजे?"

"ओढा बघायचाय."

"त्यात काय बघायचंय?" म्हणत त्याने गेट लावून घेतलं. तुम्ही जाणार असाल तर अशा गेटांची तयारी ठेवून जा.